खांब आहे, वस्ताद द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जिम्नॅस्टिक्स आणि शारीरिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांवर पानभर लेख आला. लेख मेहनतीनं लिहिलेला आहे, त्याबद्दल लेखकाचं अभिनंदन. पण तो बर्लिनच्या फ्रेडरिक लुडविग जानपासून निघतो, स्टॉकहोमच्या पेर हेन्रिक लिंगला रामराम करतो आणि थेट १९७६ च्या माँट्रियलला, नादिया कोमानेचीच्या पैकीच्या पैकी गुणांवर जाऊन टेकतो. मधे अमरावती कुठं लागत नाही. १९३६ साली आपल्या मुलखातली माणसं बर्लिन ऑलिंपिकला जाऊन हुतुतू आणि देशी व्यायाम दाखवून आली, ती अमरावतीहूनच गेली होती. एवढा मोठा लेख आणि त्यात या गोष्टीला एक ओळ नाही, हे वऱ्हाडात खपणाऱ्या पेपराला शोभत नाही. मात्र माझी तक्रार तेवढीच असती तर मी पोस्टाचा खर्च केला नसता. खरी तक्रार ही, की गावात साधनं येतात, शिकवणारा येत नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला कास्तकार. पऱ्हाटी, तूर आणि पाऊस चांगला झाला तर हरभरा. तरुणपणी अमरावतीला राहून बी.पी.एड. केलं. तिथं शारीरिक शिक्षणाच्या इतिहासाचा एक पेपर असायचा. जान, लिंग, गुट्समुथ्स ही नावं तेव्हा आम्ही पाढ्यासारखी पाठ केली. नोकरीसाठी एका संस्थेच्या चालकांकडे गेलो, तर त्यांनी प्रमाणपत्रं न पाहताच आकडा सांगितला. तो आकडा आमच्या वावराच्या किमतीच्या आसपास होता. वडील म्हणाले, "वावर इकून मास्तर होशीन अन् मंग खाशीन काय?" तेव्हापासून वावरातच आहे. संध्याकाळी गावातल्या पोरापोरींना मल्लखांब दाखवतो, तेवढाच त्या पदवीचा उपयोग.

लेखात जानला जिम्नॅस्टिक्सचा जनक म्हटलंय. जर्मन लोक त्याला तसं म्हणतात हे खरं. पण जानच्या आधी योहान गुट्समुथ्स होऊन गेला, त्याचं नाव लेखात यायला पाहिजे होतं. त्याचं पुस्तक १७९३ सालचं. तरुणांसाठीच्या व्यायामाचं पद्धतशीर पुस्तक म्हणून युरोपभर ते वाचलं गेलं आणि पुढच्या सगळ्यांनी त्याचाच आधार घेतला. हा माणूस होता कोण? श्नेफेन्टाल नावाच्या खेड्यातल्या शाळेचा मास्तर. साल्झमन नावाच्या गृहस्थानं ती शाळा काढली होती आणि गुट्समुथ्सनं जवळजवळ सारं आयुष्य तिथंच काढलं. पोरांना उघड्यावर पळवायचा, उड्या मारायला लावायचा, झाडावर चढवायचा, पोहायला शिकवायचा. कोण किती लांब उडाला, कोण किती पळाला, याची पोरागणिक वही ठेवायचा. पुढं भूगोलाचा मोठा पंडित म्हणून नाव झालेला कार्ल रिटर हा याच शाळेच्या पहिल्या पोरांपैकी. आधुनिक शारीरिक शिक्षणाची सुरुवात अशी एका खेड्यातल्या शाळेच्या आवारात झाली. राजधानीतल्या स्टेडियमवर नाही. जिल्हा परिषद शाळेची इमारत असलेल्या गावातून मी हे लिहितोय, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते.

जानचं काम पुढचं. १८०६ साली येना इथं नेपोलियननं प्रशियाचा पराभव केला, त्या अपमानातून त्यानं १८११ मध्ये बर्लिनजवळ हासेनहायडे इथं उघडं मैदान सुरू केलं. एकेरी बार, समांतर बार ही साधनं त्याच्या मैदानावर वाढली. १८१९ मध्ये त्याला अटक झाली आणि प्रशियात अशा मैदानांवर सरकारनं वीसेक वर्षं बंदी घातली, ती १८४२ साली उठली. पोरांनी एकत्र येऊन दंड-बाहू कमावले की सरकारांच्या पोटात गोळा येतो, तो तिकडेही येत होताच. पण लेखात जानला नुसता देव्हाऱ्यात बसवलाय, ते मला पटलं नाही. तो कट्टर माणूस होता. परक्यांबद्दल, ज्यूंबद्दल त्यानं जे बोलून ठेवलंय ते वाचलं तर आजही वाईट वाटतं. मैदान चांगलं होतं, म्हणून मैदानवाल्याचं सगळंच चांगलं ठरत नाही.

आता गंमत पाहा. हासेनहायडेवर जान पोरांना बारवर लटकवत होता आणि १८१३ मध्ये लिंग स्टॉकहोमला राजाच्या पैशानं संस्था काढत होता, त्याच काळात पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात बाळंभट्टदादा देवधर मल्लखांब उभा करत होते. निजामाकडून अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले, त्यांनी दरबाराला आव्हान दिलं, कोणी पुढं येईना, तेव्हा हा ब्राह्मणाचा पोरगा सप्तशृंगगडावर जाऊन वानरांकडून डाव शिकला आणि त्यानं अलीला लोळवलं, अशी आख्यायिका आहे. वानरांचं खरंखोटं ज्याचं त्यानं ठरवावं. मल्लांनी खांबावर मेहनत करावी असं बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथातही आहे, म्हणजे खांब काही दादांनी शोधला नाही. दादांनी त्याला शास्त्र दिलं आणि शिष्य दिले. मला तर शिष्यांची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १८१८ ला पेशवाई बुडाली, बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला गेला, दरबार उठला. दादा काशीला गेले आणि तिथं आखाडा उभा राहिला. कोंडभट्ट नाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे या शिष्यांनी ती विद्या पुढं नेली. राजा गेला, तिजोरी गेली, तरी विद्या टिकली, कारण ती दहा जणांच्या अंगात उतरलेली होती.

पुढं बडोद्याला व्यायामगुरू जुम्मादादा, त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव, त्यांच्या हाताखाली शिकलेले स्वामी कुवलयानंद अशी एक रांग लागते. कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. मद्रासला १९२० मध्ये हॅरी बक या अमेरिकन माणसानं वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं, कांदिवलीला १९३८ मध्ये सरकारी संस्था झाली. ही सगळी नावं लेखात यायला हवी होती असं मी म्हणत नाही, कागदाला मर्यादा असते. पण १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, ते यायलाच हवं होतं. बर्लिनला गेलेली माणसं याच मंडळाची. हुतात्मा राजगुरू या आखाड्यात शिकून गेले. १९४९ मध्ये लिंगच्या नावानं स्टॉकहोमला जो जागतिक व्यायाम मेळा भरला, त्यालाही इथलं पथक गेलं होतं. आपल्या लेखकाला लिंग ठाऊक आहे, पण त्याच्या गावी जाऊन आलेली वऱ्हाडी माणसं ठाऊक नाहीत.

या मंडळाचं सगळ्यात मोठं काम मात्र बर्लिन नव्हे, स्टॉकहोमही नव्हे. ते म्हणजे उन्हाळी वर्ग. शाळांना सुटी लागली की खेड्यापाड्यांतून मास्तर, आखाड्याचे पोरं, भजनी मंडळातले तरणे असे अमरावतीला जायचे. लाठी, लेझीम, जोर-बैठका, मल्लखांब, ड्रिल हे शिकून परत यायचे. आमच्या गावचे वस्ताद त्यातलेच. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारलेली मला आठवत नाही, बायकाही त्यांना वस्तादच म्हणत. दिवसा लोकांच्या वावरात रोजानं जायचे. संध्याकाळी मारुतीच्या पाराशेजारी आखाडा.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. काळी चिकणमाती, विहिरीला मचूळ पाणी. या मातीत आखाडा होत नाही, म्हणून वस्तादांनी लांबून बैलगाडीनं तांबडी माती आणवली, तीत ताक, तेल, हळद घालून ती मुरवली. मल्लखांबाचं त्याहून अवघड होतं. काळी माती उन्हाळ्यात वीत-वीत भेगाळते आणि पावसात फुगते. पुरलेला खांब दरवर्षी कलायचा. वस्तादांनी मग कमरेएवढा खड्डा घेऊन खाली मुरूम टाकला, सागाचा खांब ओळंबा लावून उभा केला आणि भोवती पुन्हा मुरूम पाणी मारून थरावर थर धुमसला. तो खांब आजही सरळ आहे. माथ्यावरचं बोंड मात्र घासून घासून गुळगुळीत झालंय. दर नागपंचमीला त्याला एरंडेल लागतं.

त्यांची शिकवण्याची रीत मी आजही वापरतो. नवा पोरगा आला की आधी नुसती सलामी आणि पकड. अढी लगेच नाही. अढी म्हणजे खांबाला हातानं धरून पाय डोक्यावरून वर न्यायचे, मांड्यांनी खांब आवळायचा आणि हात सोडून उलटं लटकायचं. पोराची नजर पायाकडं जाते, कारण भीती पायाची असते. वस्ताद ओरडायचे, "पायाकडं पाहू नोको, तो जाते वरतं. हात कुठी धरला थे पाह्य!" हात छातीच्या खाली धरला तर ढुंगण उचललंच जात नाही आणि पोरगा दहा वेळा आपटून मल्लखांब सोडून देतो. हात वर धरला की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अढी लागते. हा चार बोटांचा फरक कुठल्या पुस्तकाच्या चित्रात दिसत नाही. समोर उभा राहून कोपराखाली हात देणारा माणूस लागतो. आणि पोरगा सटकला तर मान वाचवायला त्याचा दुसरा हात तयार लागतो.

संपादक महोदय, या सगळ्या मोठ्या माणसांनी साधनं केली, पण त्याआधी किंवा त्याबरोबर त्यांनी शिकवणारे केले, हे लेखात कुठंच नाही. लिंगची संस्था मुळात शिक्षक तयार करायची होती. इंग्लंडात आर्चिबाल्ड मॅक्लॅरन यांची ऑक्सफर्डला व्यायामशाळा होती. १८६० मध्ये ब्रिटिश लष्करानं त्यांच्याकडे एक अधिकारी आणि बारा सार्जंट पाठवले. ते शिकून परतले आणि त्यांच्यापासून साऱ्या लष्करात व्यायामशाळा पसरल्या. फक्त बारा माणसं. लष्करानं बारा हजार डंबेल विकत घेऊन छावण्यांत वाटले असते, तर काय झालं असतं ते मी सांगू शकतो, कारण तसंच काहीसं आमच्या गावात झालंय.

काही वर्षांपूर्वी गावात ओपन जिम आली. ट्रकमधून यंत्रं उतरली, सिमेंटात बसवली, फीत कापली, फोटो निघाले. आठ दिवस सगळं गाव त्यावर झुललं. ते कसं वापरायचं, कोणी वापरायचं, गुडघे दुखणाऱ्या म्हातारीनं कशावर चढू नये, हे सांगायला एकही माणूस आला नाही. सूचनांच्या पाट्या इंग्रजीत. ओढायच्या यंत्रावर तीन-तीन पोरं एकदम लोंबकळली, एकाचं बोट सापडून नख गेलं, त्यानंतर आयांनी पोरांना तिकडं फिरकू दिलं नाही. खारपाणपट्ट्यात लोखंडाला गंज लवकर धरतो, तो धरला. एका यंत्राचं बेअरिंग गेलं ते गेलंच. देखभाल कोणाची, हे ग्रामपंचायतीलाही ठाऊक नाही आणि ठेकेदाराचा फोन लागत नाही. वस्तादांच्या खांबाला बेअरिंग नव्हतं, हे आमचं नशीब.

शाळेचं म्हणाल तर, शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तिथं कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. आता सांगा, आमच्या भागातल्या कोणत्या लहान गावातल्या शाळेत सहावी ते आठवीत शंभर पोरं उरलीत? ज्यांना परवडतं ते तालुक्याच्या कॉन्व्हेंटला पाठवतात, पिवळी गाडी सकाळी येऊन घेऊन जाते. मागं राहतात ती मजुरांची आणि लहान कास्तकारांची. म्हणजे ज्या पोराला पैसे देऊन कुठल्या क्लासला जाता येत नाही, नेमकं त्याच्याच शाळेला निदेशक नाही. गणिताचे गुरुजी शिटी घेऊन मैदानावर उभे राहतात. त्यांचा दोष नाही, त्यांच्या मागं ऑनलाइन माहिती भरायची असते. गुट्समुथ्सच्या शाळेलाही हा शंभराचा नियम लावला असता, तर जगाला जिम्नॅस्टिक्स मिळालं असतं का, याचा विचार शिक्षण खात्यानं कधी करून पाहावा.

गरज नाही असं कोणी म्हणू नये. पहाटे आमच्या डांबरी रस्त्यावर येऊन पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर पळतात, बाजूनं रेतीचे टिप्पर जातात. कोणी सांगायला नाही, म्हणून रोज जीव तोडून पळतात, महिन्याभरात नडगी धरते आणि ऐन भरतीच्या वेळी लंगडतात. गोळाफेकीला गोळा नाही म्हणून तेवढ्या वजनाचा धोंडा फेकतात. मनगट कसं ठेवायचं हे कोणी दाखवलं नाही, त्यामुळं बोटं सुजतात. ही मेहनत वाया जाते ती आळसानं नाही.

पोरींचं तर मला वेगळंच सांगायचंय. वस्तादांच्या काळी आखाड्यात पोरी येत नसत, कोणी आणतही नसे. आता त्या स्वतःहून आल्या. त्यांच्यासाठी दोरीचा मल्लखांब. हा प्रकार पूर्वी वेतावर करत, चांगला वेत मिळेनासा झाला तसा सुती दोर आला. बचत गटाच्या बायांनी वर्गणी काढून अमरावतीहून दोर आणला आणि समाजमंदिराच्या लोखंडी तुळईला अडकवला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर चिमटीत धरून वर चढायचं, गाठ मारायची नाही, नुसत्या वेढ्यांवर अंग तोलायचं. आमच्या पोरी दिवसभर अनवाणी निंदायला, वेचायला जातात, त्यांच्या अंगठ्यात जी पकड आहे ती शहरातल्या पोरींना वर्षभर कमवावी लागेल. सातवीतली एक पोरगी तर दोरावर अशी बसते की जणू झोपाळ्यावर बसली. पण मला पुरलेल्या खांबाचं शिक्षण आहे, दोराचं मी निम्मं पाहून-ऐकून शिकवतो. तिला पुढचं शिकवायला जे लागतं ते माझ्याजवळ नाही. तालुक्याला दोरीचा वर्ग नाही, अमरावतीला रोज पाठवायला बापाजवळ एस.टी.चे पैसे नाहीत. मल्लखांबाला आता खेलो इंडियात जागा आहे, अर्जुन पुरस्कारही मिळतो, हे तिला मोबाईलवर माझ्याआधी कळलं होतं.

आता मागणी. एक, शंभराची अट एकेका शाळेला न लावता केंद्राला, म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांच्या गटाला लावावी. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून पोरं सहज शंभराच्या वर जातात. केंद्रशाळेवर शारीरिक शिक्षणाचा एक पूर्णवेळ शिक्षक द्यावा आणि त्यानं आठवड्याचे वार ठरवून गावोगाव फिरावं. बी.पी.एड. होऊन घरी बसलेले माझ्यासारखे प्रत्येक तालुक्यात मिळतील. मी आता वयात बसत नाही, तेव्हा यात माझा स्वार्थ शोधू नये. दोन, व्यायामशाळांच्या अनुदानातला काही हिस्सा साधनांऐवजी शिकवणाऱ्याच्या मानधनाला बांधून द्यावा आणि मानधन मिळाल्याची पावती असल्याशिवाय साधनांचं बिल काढू नये. दुसरी मागणी ठेकेदारांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. तीन, उन्हाळ्यात गावोगावच्या आखाड्यातल्या पोरापोरींना पाच-सहा आठवड्यांचं शिक्षण द्यावं, राहणं-जेवण सरकारनं द्यावं. जिल्ह्यात शिकवणारी संस्था आहे, शंभराहून जास्त वर्षांचा तिचा अनुभव आहे, नव्यानं काही उभारायचं नाही.

जिल्हा नियोजनाच्या बैठकीआधी हे पत्र छापलंत तर बरं, नंतर छापून उपयोग नाही. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर जान-लिंगचं कापा, मागण्या ठेवा. आणि लेखातल्या फोटोखाली "समांतर बार" असं छापलंय, फोटोत एकेरी बार आहे. दोरावरच्या त्या सातवीतल्या पोरीनं ते आधी दाखवलं, तेवढी दुरुस्ती जरूर करावी.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती